हात लावून पाह्य

खरखरीत

"हाथ मत लगाइए."

त्याने हात काढला नाही.

"भाईसाहब, हाथ मत लगाइए. मना है."

तो तसाच उभा. उंच, अंगात राखाडी स्वेटर. नर्तकीच्या ब्राँझच्या पुतळ्याच्या पाठीवरून त्याची बोटं खाली येत होती… सावकाश, मधेच थांबत, पुन्हा जरा वर जात. पुतळ्याशेजारीच पाटी होती, चांगली हातभर.

मग मी मराठीत बोलले. जयपुरात मराठी कुणाला कळत नाही, हा आमच्या घरचा जुना भरवसा. आई भाजीवाल्यासमोर त्याच्याच वांग्यांना नावं ठेवते, ती याच भरवशावर.

"आंधळा आहे की काय हा!"

"हाव," तो म्हणाला. "अन् मराठी पन आहे."

भिंतीला टेकवलेली पांढरी काठी मला तेव्हा दिसली.

"सॉरी… मतलब, मला माहीत—"

"पाठ बरोबर नाई हिची."

"कुणाची?"

"हिचीच. नाचून राहिली ना ही? मंग मनका असा सरळ कसा राहीन? समोरून बरी दिसत असंन."

"समोरून छान आहे. सगळे समोरूनच बघतात."

"म्हनून तर!"

तो हसला. माझ्याकडे तोंड करून नाही, माझ्या डाव्या खांद्याच्या थोडं मागे बघून. मी उगाच तिकडे सरकले. म्हणजे तो माझ्याकडे बघून हसल्यासारखं झालं.

१९८५चा नोव्हेंबर होता. बनी पार्कातल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर सिंघवीजींचं कलादालन होतं, आणि मी, चारुलता, तिथे टेबलाशी बसायचे. काम दोन वाक्यांचं. 'आइए' आणि 'हाथ मत लगाइए'. बाबा विम्यात अधिकारी होते. आदर्श नगरात भाड्याचं घर होतं आणि एप्रिलमध्ये बाबांची बदली व्हायची होती, बहुतेक नाशिकला. मी जयपुरातच वाढलेली, त्यामुळे माझं मराठी पाहुण्यासारखं. घरात यायचं, पण चपला कुठे काढायच्या ते त्याला ठाऊक नसायचं.

त्याचं नाव सुखदेव. वडील शामराव रेल्वेत फिटर, मूळचे अकोल्याकडचे. क्वार्टर स्टेशनाजवळ. डोळे लहानपणीच तापात गेलेले. जुन्या शहरातल्या मूर्तींच्या कारखान्यात त्याने बरीच वर्षं संगमरवर घासला होता. शेवटची घिसाई डोळ्यांनी होत नाही, हातानेच कळते. मग तो स्वतःची शिल्पं करू लागला. आज तेच सांगायला तो सिंघवीजींकडे आला होता.

आत पाच मिनिटंही लागली नाहीत. सिंघवीजींचा आवाज बाहेर ऐकू आला, "अंधा मूर्तिकार! लोग टूट पड़ेंगे. प्रदर्शनी फरवरी में पक्की!"

सुखदेव बाहेर येऊन पायरीवर उभा राहिला.

"झालं ना काम?" मी विचारलं.

"झालं."

"मग तोंड असं का?"

"त्याईनं एक बी मूर्ती पाह्यली नाई. तसंच हो म्हनून टाकलं."

"चांगलंच आहे की."

"तुमाले कोनी न पाहता हो म्हनलं तं चांगलं वाटंन?"

त्याच आठवड्यात नाशिकच्या एका स्थळाने माझ्या फोटोवरून हो कळवलं होतं.


ओलं

शिल्पांची नावं लिहून आणायला सिंघवीजींनी मला त्याच्या घरी पाठवलं.

सुखदेवची आई, भीमाबाई, चहा गाळत होती. "काय पाह्याले आली व पोरी?"

मी माझं सगळ्यात चांगलं मराठी काढलं. "मला यांचा संसार बघायचाय."

गाळणी वरच्या वर थांबली. सुखदेव खोकत खोकत मागच्या अंगणात गेला.

"संसार मांडला कुठी त्यानं अजून?" भीमाबाई म्हणाली, आणि मला डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं. "तू कोनाची व?"

हिंदीत संसार म्हणजे जग. मला त्याचं जग बघायचं होतं. हे मी भीमाबाईला समजावून सांगितलं. तिने चहात आणखी एक चमचा साखर घातली आणि कप माझ्या हातात दिला. तिला काय समजलं, देव जाणे.

मागच्या अंगणात ओल्या पोत्यांखाली माती झाकलेली होती. तो म्हणाला, डोळे मीट. त्यानंतरचं मला फक्त ऐकूनच ठाऊक आहे.

"मिटले?"

"हो."

"खरं सांग."

"मिटलेत!"

"आवाज वर गेला. मान वर करून झाडाकडं पाहून राहिली तू."

"…आता मिटले."

"हात दे. तळहात नाई, बोटांची मागची बाजू. तळहात लगेच पकडाले धावते. मागची बाजू नुस्ती ऐकते."

"गार आहे. गोल… मग खड्डा. डोकं?"

"नाई."

"मडकं!"

"मडक्याले हाड असते का व?"

"थांबा. थांबा ना… गुडघा!"

"कोनाचा?"

"मला काय माहीत कुणाचा!"

"हात लावून पाह्य."

"…म्हातारा आहे. बसलाय. उठताना दुखत असेल त्याला. हा इथला भाग… हा सुजलाय."

"माझा बाप आहे तो."

"…"

"उघड डोळे."

"थोडा वेळ राहू द्या."

"…"

"सुखदेवजी, माझा चेहरा बघणार? हात लावून?"

"सगळ्या पोरी हेच म्हनतात."

"सगळ्या? किती झाल्या आत्तापर्यंत?"

"एक. तूच."

मी डोळे उघडले. तो हसत होता, पुन्हा माझ्या खांद्यामागच्या कुणाकडे तरी.

"चेहरा नको," तो म्हणाला. "चेहरा तं तू लोकांसाठी ठेवला आहे. कोपर दे."

माझ्या कोपराला आजवर कुणी काही म्हटलं नव्हतं. बाही वर करून मी ते पुढे केलं. त्याच्या बोटांवर माती सुकत आली होती. तो कोपराभोवती फिरला, हाडावर थांबला, खालच्या खरबरीत कातडीवरून दोनदा गेला.

"टेबलावर टेकवून बसते तू."

"हो."

"दिवसभर. कंटाळा येते तुले त्या कामाचा."

हे मी आईलाही सांगितलं नव्हतं.


टोचरं

संक्रांतीला जयपूर गच्चीवर राहतं. मी तिळगूळ घेऊन रेल्वे क्वार्टर्सच्या गच्चीवर गेले, तर सुखदेव पतंग उडवत होता. चारही बाजूंनी 'वो काटा!'चा गोंगाट.

"काय पाहून राहिली?"

"पतंग."

"वर?"

"मग कुठे बघू?"

"दोरी पाह्य."

त्याने मांजा माझ्या बोटावरून घेतला आणि खालून आपला हात लावला. मी न सांगता डोळे मिटले. वर, खूप वर कुणीतरी हळूहळू ओढत होतं. सोडायचं, पुन्हा ओढायचं.

"हे वारं," तो म्हणाला.

मग दोरीत बारीक थरथर आली.

"आणि हे?"

"ही दुसऱ्याची दोरी. घासून राहिली. आता ढील दे… दे… दे…"

मी दिली. सगळीच दिली. बोटावरचं ओझं एकदम नाहीसं झालं.

"कटला! अव, इतकी ढील देतात का?"

"तूच तर दे-दे म्हणत होतास!"

"म्हनलं तं सगळं सोडूनच देशीन का?"

मी त्याला 'तू' म्हटलं होतं. ते आमच्या दोघांच्याही लक्षात आलं, आणि दोघांनीही पतंगाविषयीच बोलायचं ठरवलं. माझं बोट कापलं होतं. ते माझ्याआधी त्याला कळलं. बांधायला जवळ काही नव्हतं, म्हणून त्याने ते नुसतं दाबून धरलं. रक्त लवकर थांबलं. बोट त्याने उशिरा सोडलं.


गुळगुळीत

निमंत्रणाच्या कार्डावर छापायला सिंघवीजींना एक 'पूरी मूर्ति' हवी होती. गुडघे आणि कोपरं कार्डावर शोभत नाहीत. सुखदेवने संगमरवरात आई आणि कडेवरचं मूल केलं. कलादालनात ते आणून ठेवलं, तर सिंघवीजींच्या पत्नीला हुंदका आला. "बिना आँखों के! हे भगवान, बिना आँखों के!"

मी डोळे मिटले. बोटांची मागची बाजू लावली.

"काय?" सुखदेव म्हणाला.

"छान आहे."

"आवाज खोटा आहे."

"…वाईट आहे."

"काय वाईट आहे?"

"मुलाला वजनच नाहीये. आईच्या हाताने काही उचललेलं नाही. हे मूल… कॅलेंडरवरचं आहे."

"चारुजी!" सिंघवीजी ओरडले.

सुखदेवने काठी शोधली आणि तो निघून गेला.

आठवडाभर आला नाही. खोटं बोलायला हवं होतं का? घरी जाताना रिक्षात मी हा प्रश्न मराठीत करून पाहिला, हिंदीत करून पाहिला. उत्तर दोन्हीकडे नाही असंच आलं. पण बरं कुठल्याच भाषेत वाटलं नाही.

मग एका दुपारी दाराशी सायकलरिक्षा थांबली. पोत्यात गुंडाळलेला तोच दगड, पण निम्म्याने कमी झालेला. मूल काढून टाकलं होतं. आईचा चेहराही गेला होता. उरला होता फक्त कमरेजवळ वाकलेला हात, आणि आत एक पोकळी.

"आता पाह्य."

मी हात लावला आणि माझाच खांदा दुखला.

"मूल कुठे गेलं?"

"खेळाले गेलं. हात अजून भरून आहे तिचा."

मी हात काढून घेतला. "रागावला होतास?"

"हाव. लय."

"मग?"

"मंग काय… आजपर्यंत माझ्या कामाले कोनी वाईट म्हनलं नव्हतं. आंधळ्याच्या कामाले लोक वाईट म्हनत नाईत. वाईट म्हनाले समोर मानूस दिसा लागते." त्याने काठीची मूठ उगाच फिरवली. "तुले दिसला. अन् ते बी डोळे मिटून."


गार

प्रदर्शनाची पाटी मीच रंगवली. 'कृपया हाथ लगाइए.'

कुणी हात लावला नाही. लोक हात मागे बांधून फिरले. एक गृहस्थ तर खास माझ्या टेबलाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बहनजी, बोर्ड में 'मत' छूट गया है."

मी हे सुखदेवला सांगितलं. तो इतका हसला की सिंघवीजी बघायला आले.

संध्याकाळी एका मोठ्या घरच्या बाईंनी आईचा हात विकत घेतला. गाडीत बसण्याआधी सुखदेवला म्हणाल्या, "ईश्वर ने आँखें लीं, तो हाथ दिए."

त्या गेल्यावर त्याने मला विचारलं, "हात लावला तिनं?"

"नाही."

"मंग घेतलं नाई तिनं. दिलं."

"असं काय म्हणतोस?"

"खरं म्हनून राहिलो. मी कोनाले काई मागतच नाई, चारू. मी मागितलं की लोक देतात. नाई म्हनतच नाईत. अन् ज्याले कोनी नाई म्हनत नाई, त्याले हो तरी खरं कोन म्हनंन?"

"मग तुला हवं असेल ते मिळणार कसं?"

"मले हवं ते…" तो थांबला. बाहेर रिक्षेवाल्याने घंटी वाजवली. तेवढ्या वेळात वाक्य पुरं करता आलं असतं. "नाई मिळत," तो म्हणाला.

मला तो हवा होता. त्यालाही मी हवी होते, एवढं मला बोटांच्या मागच्या बाजूनेही कळत होतं. एप्रिल जवळ येत होता. आणि तो मागणार नव्हता.


(याला पोत नाही)

"आडनाव काय म्हणालीस त्यांचं?" घरी मी सुखदेवचा विषय काढला तेव्हा आईने विचारलं.

मी सांगितलं.

आईने पुढे काही विचारलं नाही. बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि नाशिकची हवा किती चांगली आहे ते सांगितलं.


कोरडं

मार्चमध्ये प्रदर्शन उतरलं. उरलेली शिल्पं बांधायला आम्ही दोघंच होतो. मी ओल्या फडक्याने एकेक पुसायचे. तो ते जुन्या रजईच्या कापसात गुंडाळायचा, खोक्यातल्या पेंढ्यात बसवायचा आणि दोरी आवळायचा. उन्हं आत आली होती. पेंढ्याची कुसळं सगळीकडे उडत होती.

"बाबांची बदली आली," मी म्हणाले. "नाशिक."

"कधी निघनार?"

"एप्रिलमध्ये."

"चांगलं आहे. मराठी सुधरंन तुझं."

"मला जायचं नाहीये."

"मंग नको जाऊ."

"थांबायला काही कारण लागतं."

त्याने गाठ मारली. एक गाठ पुरेशी होती, त्याने दोन मारल्या. तो बोलणार नाही हे मला ठाऊकच होतं.

"सुखदेव."

"हं."

"लग्न करशील? माझ्याशी?"

दोरी थांबली.

"नाई."

बाहेर कुणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं. ती सुरू होईपर्यंत मी थांबले.

"काऊन?" मी त्याचाच शब्द वापरला.

"तू चांगली आहे म्हनून. चांगली मानसं देतात. तुले वाटून राहिलं, ह्याचं कसं होईन, ह्याले कोन—"

"मला तसलं काही वाटत नाहीये. तुझं बरं चाललंय. मी देत नाहीये सुखदेव, मी मागतेय. मला तू पाहिजेस, म्हणून मागतेय."

त्याने दोरीचं टोक चाचपलं.

"आणि मागणाऱ्याला नाही म्हणता येतं. तू म्हटलंस. ठीक आहे."

आवाज खोटा आला असता तर त्याला तेवढ्यात कळलं असतं. म्हणून मी पुढे काही बोललेच नाही. खोक्याजवळून म्हशीचं कपाळ उचललं, काळ्या दगडाचं, आणि पुसायला घेतलं. डोळ्यांतलं पाणी त्याला दिसत नाही, हा एक फायदा होता. नाक मात्र ओढायचं नव्हतं.

तो वाट बघत होता. मी समजूत घालेन, गळ घालेन, आंधळ्याला रस्ता ओलांडताना धरतात तसं दंडाला धरून पलीकडे नेईन, अशी. मी म्हशीची शिंगं पुसली.

"बस?" तो म्हणाला. "झालं?"

"काय झालं?"

"म्या नाई म्हनलं अन् तू मानून बी घेतलं?"

"मग काय करू? तू नाही म्हणालास ना!"

तो खोक्यावर बसला. हातातली दोरी बोटाला गुंडाळत होता, सोडत होता. मग अगदी हळू म्हणाला—

"परत पुस."

मी म्हशीचं कपाळ परत पुसलं.

"पुसलं."

"नाई… परत पुस."

शिंगांमागे धूळ राहिली असेल, असं वाटून मी तिथेही फडकं फिरवलं.

"पुसलं. दे इकडे तो कापूस."

"अव, परत पुस म्हनून राहिलो ना!"

आता मात्र मला राग आला. एक तर नाही म्हणायचं, वर कामातही खोट काढायची. "किती वेळा पुसू? लख्ख झालंय! घे, तूच बघ हात लावून, आहे का धूळ कुठे!" मी त्याचा हात धरला आणि दगडावर ठेवला.

तो हसू लागला. आधी नाकातून, मग खांदे हलवत.

"कापडानं नाई, बाई."

"मग कशाने?"

"तोंडानं!"

मी वाकले आणि दगडावर फुंकर मारली.

सुखदेव खोक्यावरून पडायचाच राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "अव चारू… आमच्याकडं पुसनं म्हंजे विचारनं. मले पुस! मघाशी जे पुसलं ना, ते परत पुस."

फडकं माझ्या हातातून खाली पडलं. ते उचलायला मी वाकले नाही.

"आणि परत नाही म्हणालास तर?"

"तं तू मानून घेशीन. पाह्यलं ना म्या आता." हसू गेलं होतं. त्याचा हात अजून माझ्या हाताखाली, दगडावरच होता. "तू खरंच मानून घेतलं. कोनी मानत नाई, चारू… माझं नाई कोनी मानत नाई. मले वाटलं, आता ही सामान बांधून निघून जाईन. अन् मंग मी काय करीन?"

"मग तूच माग की."

"मागूनच तं राहिलो. पुस म्हनून मागून राहिलो. आता याच्यापरीस किती मागू?"

मी त्याच्या समोर आले, नीट समोर. या वेळी तो माझ्या खांद्यामागे बघत असेल तर बघू दे, असं ठरवून. केसांतलं एक कुसळ काढलं.

"सुखदेव, तू माझ्याशी ल—"

"हाव."

"अरे, पुरं तरी होऊ दे!"

"होऊ दे. पुरं कर. मी परत म्हनतो."

मी पुरं केलं. तो परत म्हणाला.